उणे ४८ व्होल्ट: रॅकमधील डीसी केबल सुरक्षितपणे कशी जोडावी?



आपल्यात आयटी आणि टेलिकॉममध्ये काम करणाऱ्यांची कमी नाही. त्यातले बरेच जण संगणकापुढे बसूनच नेटवर्क सांभाळतात. पण नव्याने नोकरीला लागलेल्या मुला-मुलींना कधीतरी सांगितले जाते, "उद्या साइटवर जाऊन तेवढा राउटर रॅकमध्ये बसवून या." तिथे गेल्यावर राउटरच्या मागे नेहमीचा तीन पिनांचा प्लग दिसत नाही. दिसतात ते दोन-तीन बोल्ट आणि वरच्या ट्रेमधून खाली आलेल्या जाड केबल. हा लेख त्या प्रसंगासाठी आहे. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांनीही वाचावा, कारण घरातले कोणी ना कोणी हे काम करत असण्याची शक्यता बरीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख म्हणजे प्रशिक्षण नव्हे. उपकरणासोबत आलेली पुस्तिका, त्या जागेचे नियम आणि अनुभवी माणसाची सोबत यांना पर्याय नाही. काय विचारायचे आणि कुठे थांबायचे हे कळावे, एवढाच आमचा हेतू आहे.

ही ४८ व्होल्टची भानगड काय आहे?

लंडनमध्ये पहिले टेलिफोन एक्स्चेंज १८७९ साली सुरू झाले आणि मुंबईत १८८२ साली. पुढे एक्स्चेंजमध्येच मोठ्या बॅटऱ्या ठेवून तिथूनच सगळ्या फोनना वीज पुरवायची पद्धत पडली. शिसे आणि आम्लाच्या बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टचा असतो. असे २४ सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. तारेतून लांबवर फोन चालवायला एवढे व्होल्टेज पुरते आणि माणसाच्या जिवाला फारसा धोका नसतो, म्हणून हा आकडा जगभर रुळला. आज मोबाइलचे टॉवर, एक्स्चेंज आणि टेलिकॉम कंपन्यांची उपकरणे असलेल्या डेटा सेंटरमध्ये राउटर आणि स्विच याच व्होल्टेजवर चालतात.

चार्जिंग चालू असताना सेलमागे सुमारे २.२५ व्होल्ट असतात, म्हणून मीटरवर ४८ ऐवजी ५४ च्या आसपास आकडा दिसतो. तो पाहून घाबरू नये. युरोपीय मानकाप्रमाणे उपकरणाने ४०.५ ते ५७ व्होल्टपर्यंत नीट चालायला हवे.

आता त्या "उणे" चिन्हाबद्दल. गाडीत किंवा गावाकडच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत काळी वायर म्हणजे उणे आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेले टोकही उणेच, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. टेलिकॉममध्ये नेमके उलटे असते. इथे बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे अर्थला जोडलेले असते. त्यामुळे दुसरी वायर अर्थच्या मानाने उणे ४८ व्होल्टवर राहते. याचे कारण पाणी. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांना ओल लागतेच, मग तो मुंबईचा पाऊस असो की मँचेस्टरचा. तार जमिनीच्या मानाने धन असेल तर तिचे तांबे विरघळून जाऊ लागते. उणे असेल तर ते टिकते. म्हणून या रॅकमध्ये धन वायर ही "परतीची" आणि उणे वायर ही "जिवंत" असते. हे एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा लेख कळला.

धक्का नाही, मग धोका कसला?

भिंतीतल्या २३० व्होल्टची सगळ्यांना भीती असते. ४८ व्होल्टला हात लागला तर कोरड्या त्वचेवर बहुधा काहीच जाणवत नाही, आणि नेमकी तिथेच माणसाची भीड चेपते. या वायरमागे प्रचंड बॅटरी असते. वाटेतला सगळा रोध मिळून १० मिलिओहम असला, तर शॉर्ट झाल्यावर ५० व्होल्टवरून ५००० अँपिअर करंट धावू शकतो. पाना, अंगठी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा दोन टोकांना एकदम टेकला तर तो क्षणात लाल होतो. वितळलेल्या धातूचे थेंब डोळ्यात उडतात आणि अंगठीखालचे बोट भाजते.

दुसरी गोष्ट ठिणगीची. घरातली एसी वीज दर सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीला शून्य नाही. चालू करंटची वायर ओढून काढली तर ठिणगीची कमान पेटलेलीच राहू शकते. म्हणून डीसीसाठी बनवलेलेच ब्रेकर आणि फ्यूज वापरावे लागतात. एसीचा ब्रेकर दिसायला तसाच असला तरी तो इथे चालेलच असे नाही.

तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली चेन आणि ओळखपत्राची धातूची साखळी काढून ठेवावी. मंगळसूत्र काढायचे नसेल तर रॅकमध्ये वाकण्याचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. यात कमीपणा काहीच नाही. हत्यारे इन्सुलेशनची असावीत, डोळ्यांना चष्मा असावा आणि पाना कधीही रॅकच्या माथ्यावर ठेवू नये.

रंगांवर विश्वास ठेवू नका

आपल्याकडून आलेल्या माणसासाठी हा सगळ्यात मोठा सापळा आहे. भारतात डीसी म्हटले की लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे उणे. ब्रिटनमध्ये २००४ साली वायरिंगचे रंग युरोपशी जुळवून घेतले गेले. बीएस ७६७१ या नियमावलीप्रमाणे धन टोक अर्थ केलेल्या डीसी सर्किटमध्ये धन वायर निळी आणि उणे वायर करडी असावी लागते. उलट काही उपकरण कंपन्यांच्या तयार केबलमध्ये निळी वायर म्हणजे उणे ४८ आणि काळी म्हणजे परतीची. जुन्या इमारतीत जुन्या रंगांच्या केबल अजून सापडतात, त्या वेगळ्याच.

म्हणजे एकाच खोलीत एक निळी वायर शून्यावर आणि तिच्या शेजारची निळी वायर उणे ५४ व्होल्टवर असू शकते. दोन्ही जोडणाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने बरोबरच जोडलेले असते! म्हणून रंग पाहून अंदाज बांधावा, पण निर्णय मीटरवर घ्यावा. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल नसेल तर आधी लेबल लावावे आणि मगच पुढचे काम करावे.

टेस्टर घरीच ठेवा

आपल्याकडे प्रत्येक घरात दिव्याचा टेस्टर असतो, तो वायरीला लावायचा आणि पेटला नाही तर वीज नाही असे समजायचे. इथे ही सवय घातक आहे. त्यातला निऑन दिवा ४८ व्होल्ट डीसीवर पेटतच नाही. वायर जिवंत असली तरी टेस्टर मेलेलाच राहणार.

मीटरच्या बाबतीतही तसेच. मल्टिमीटर चुकून एसी व्होल्टवर ठेवला तर जिवंत डीसी वायरवरही आकडा शून्याजवळ दिसू शकतो. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतो. डीसीसाठी वेगळा घ्यावा लागतो. मीटरच्या प्रोबचे उघडे टोक फार लांब नसावे. ब्रिटनच्या एचएसई या सरकारी सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनात ते जास्तीत जास्त ४ मि.मी. आणि शक्यतो २ मि.मी. असावे, असे सांगितले आहे. लांब टोक घसरले तर तेच शॉर्ट करते.

आणि वीज नाही हे ठरवताना तीन पायऱ्या कराव्यात. आधी चालू असलेल्या ओळखीच्या पुरवठ्यावर मीटर तपासावा, मग आपली वायर तपासावी आणि नंतर पुन्हा ओळखीच्या पुरवठ्यावर मीटर तपासावा. मधल्या वेळात मीटर बिघडला तर तो "शून्य" दाखवतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, म्हणून ही तिसरी पायरी.

जोडणीचा क्रम

१. कोणता ब्रेकर किंवा फ्यूज आपल्या फीडचा आहे, ते पॅनेलवरच्या लेबलवरून आणि नकाशावरून नक्की करावे. शंका असेल तर थांबावे. शेजारचा ब्रेकर पाडला तर दुसऱ्याच कोणाची तरी सेवा बंद पडते.

२. ब्रेकर बंद करावा, त्याला कुलूप लावावे आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावावी. फ्यूज असेल तर काढून आपल्याजवळ ठेवावा.

३. वर सांगितल्याप्रमाणे तीन पायऱ्यांनी वायर मृत असल्याची खात्री करावी.

४. उपकरण रॅकमध्ये पक्के बसवून सर्वात आधी अर्थची वायर जोडावी. रंगावर बोल्ट आवळला तर अर्थ मिळत नाही, म्हणून तेवढी जागा खरवडून धातू उघडा करावा किंवा उपकरणावर दिलेला खास बिंदू वापरावा.

५. फीड बंद असताना दोन्ही वायरी ओळखाव्यात. परतीची वायर वीज केंद्राच्या बाजूला अर्थला जोडलेली असते, त्यामुळे तिच्यात आणि रॅकच्या अर्थमध्ये रोध जवळजवळ शून्य दिसतो. उणे वायरीच्या वाटेत ब्रेकर उघडा असल्याने तिथे तसा शून्य दिसू नये. दोन्हीकडे शून्य दिसले तर काहीतरी गडबड आहे. पुढे जाऊ नये.

६. आधी परतीची वायर जोडावी आणि त्यानंतर उणे ४८ ची. जी वायर जोडायची राहिली आहे तिच्या टोकावर इन्सुलेशनची टोपी किंवा टेप असू द्यावी.

७. बोल्टांवर प्लास्टिकचे झाकण बसवावे आणि दुसऱ्या माणसाला सगळे एकदा पाहायला सांगावे. ज्याने जोडले त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

८. उपकरणाचा स्विच बंद ठेवून फीड चालू करावा. मीटरची काळी प्रोब रॅकच्या अर्थला लावून लाल प्रोबने मोजावे. परतीच्या बोल्टवर जवळजवळ ० आणि उणेच्या बोल्टवर सुमारे उणे ५४ दिसले पाहिजे. आकडा अधिक चिन्हाचा आला किंवा दोन बोल्टांचे आकडे उलटे आले, तर लगेच फीड बंद करावा.

९. सगळे बरोबर असेल तरच उपकरण चालू करावे.

काही उपकरणांना स्विचच नसतो. अशा वेळी केबल उपकरणाला लावण्यापूर्वीच, टोके एकमेकांपासून दूर आणि झाकून ठेवून, फीड क्षणभर चालू करून आठव्या पायरीचे मोजमाप करावे. मग पुन्हा बंद करून, कुलूप लावून, मृत असल्याची खात्री करून जोडावे. उलटी जोडणी सोसणारी उपकरणे असतात, पण आपले उपकरण त्यातलेच आहे या भरवशावर राहू नये.

काढताना क्रम बरोबर उलटा: आधी उपकरण आणि फीड बंद, मग उणे, मग परतीची आणि सर्वात शेवटी अर्थ.

थिंबल, पाना आणि सैल बोल्ट

वायरीच्या टोकाला आपल्याकडे ज्याला थिंबल किंवा लग म्हणतात ते लावावे लागते. ते वायरीच्या जाडीचेच असावे आणि त्याच मापाच्या डायने दाबलेले असावे. पक्कडीने ठोकून दाबलेले लग दिसायला घट्ट असते, पण आत पोकळी राहते. तांब्याच्या तारा कापून वायर लहान लगमध्ये कोंबणे तर कधीच करू नये. दाबल्यावर जोराने ओढून पाहावे. दोन भोकांचे लग असेल तर ते फिरून सैल होत नाही, म्हणून मोठ्या करंटला तेच वापरतात.

बोल्ट किती आवळायचा हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. उपकरणाच्या पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये आकडा दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्कचा पाना मिळतो. कमी आवळला तर जोड तापतो आणि जास्त आवळला तर आटे जातात.

सैल जोड किती तापतो याचे एक गणित पाहा. जोडात १० मिलिओहम रोध राहिला आणि त्यातून ६० अँपिअर गेले तर ३६ वॉट उष्णता तयार होते. एका लहान सोल्डरिंग गनएवढी उष्णता, तीही प्लास्टिकच्या झाकणाखाली, अहोरात्र.

केबलची जाडीही करंट आणि अंतर पाहून ठरवावी. रॅक वीज पॅनेलपासून १० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तांबे होते. १५ अँपिअरला २.५ चौ. मि.मी. च्या वायरीत सुमारे २.२ व्होल्ट वाटेतच जातात, ६ चौ. मि.मी. च्या वायरीत सुमारे ०.९ व्होल्ट. घरातल्या २३० मधून दोन व्होल्ट गेले तर कळतही नाही, पण ४८ मधून गेलेले दोन व्होल्ट महाग पडतात.

ए आणि बी: खरी परीक्षा वीज गेल्यावर

महत्त्वाच्या उपकरणांना ए आणि बी असे दोन वेगळे फीड देतात. एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालावे म्हणून. दोन्ही फीड एकाच ब्रेकरवरून घेणे म्हणजे दोन कुलपांना एकच किल्ली ठेवण्यासारखे आहे.

समजा राउटर ६०० वॉटचा आहे. ५४ व्होल्टवर तो ११ अँपिअर घेतो, म्हणजे दोन फीडमध्ये सुमारे साडेपाच-साडेपाच. आता शहराची वीज गेली, बॅटरी उतरत उतरत ४३ व्होल्टवर आली आणि नेमका ए फीड पडला. राउटरला तर ६०० वॉट हवेच असतात. व्होल्टेज कमी झाले की तो करंट जास्त ओढतो. सगळा भार बी वर येतो आणि करंट साडेपाचवरून जवळजवळ १४ अँपिअर होतो, म्हणजे अडीचपट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सहापटीहून जास्त.

सैल आवळलेला बोल्ट वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने चालतो तो यामुळे. दररोजचा करंट कमी असल्याने त्याचे दुखणे कोणाला दिसत नाही. ते दिसते वीज गेलेल्या रात्री, जेव्हा लोक रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन उचलतात. आज जोडणी करणारा माणूस त्या रात्री तिथे नसतो, त्याने आवळलेला बोल्ट मात्र असतो. म्हणून काम संपल्यावर, त्या जागेची परवानगी असेल तर, ए बंद करून बी वर आणि बी बंद करून ए वर उपकरण चालते का ते पाहावे, आणि पूर्ण भारावर जोड तापत नाहीत ना याची उष्णतामापकाने खात्री करावी.

"मला हे दाखवलेले नाही" म्हणायचा हक्क

आता थोडे कायद्याविषयी. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये कामाच्या जागी विजेसाठी १९८९ चे नियम लागू आहेत. त्यांना व्होल्टेजची खालची मर्यादा नाही, त्यामुळे "४८ च तर आहेत" ही सबब चालत नाही. नियम १४ प्रमाणे जिवंत वायरीवर काम करायचे असेल तर ती बंद करणे का शक्य नाही याला सबळ कारण लागते, जिवंतपणी काम करणे योग्य ठरावे लागते आणि पुरेशी खबरदारी घ्यावी लागते. तिन्ही गोष्टी हव्यात. नियम १६ सांगतो की धोका टाळण्यापुरते ज्ञान आणि अनुभव नसलेल्या माणसाने, योग्य देखरेखीशिवाय, असे काम करू नये.

आपल्या मुलांना वरिष्ठांना "नाही" म्हणणे जड जाते. व्हिसा कंपनीच्या नावावर असेल तर अधिकच. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याचे कलम ४४ हे गंभीर आणि समोर आलेल्या धोक्यामुळे काम थांबवणाऱ्याला संरक्षण देते. बहुतेक वेळा वाद घालायची गरजही पडत नाही. "हे काम मला कोणी दाखवलेले नाही. एकदा सोबत येऊन दाखवा, पुढच्या वेळी मी करेन," एवढे नम्रपणे म्हटले तरी पुरते. चांगल्या साइटवर असे बोलणाऱ्याला मान मिळतो.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन घरची वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधल्या याच बॅटऱ्यांतून मिळायची. ब्रिटनमधले ते जुने नेटवर्क जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले. नव्या पद्धतीत फोन घरातल्या राउटरवर चालतो आणि घरची वीज गेली की राउटरही बंद पडतो. घरात आजी-आजोबा असतील, मोबाइलला रेंज नसेल किंवा गळ्यात मदतीचे बटण असेल तर आपल्या फोन कंपनीला जरूर कळवा. ऑफकॉमच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे, लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकांसाठी वीज गेल्यावर निदान एक तास तातडीचा फोन लागेल अशी सोय कंपनीने करायची आहे. ही सोय मागावी लागते, तेव्हा संकोच करू नका.

थोडक्यात काय, तर अर्थ आधी, उणे शेवटी, रंगापेक्षा मीटर खरा, आणि बोल्ट पुस्तिकेप्रमाणे. या क्षेत्रात मुरलेल्या सभासदांनी आपल्या सूचना जरूर कळवाव्यात. आणि ज्यांना उद्याच साइटवर जायचे आहे त्यांनी आज रात्री अंगठ्या काढून ठेवाव्यात!